लग्नाची तीन तासांची कॅसेट डीव्हीडीवर घेताना अक्षतांच्या वेळी चित्र फुटतं: बिटरेट आणि रिझोल्यूशन कसं ठरवावं

ही तक्रार इतक्या वेळा येते की समोरच्याने बोलायला सुरुवात केली की पुढचं वाक्य आधीच कळतं. जुन्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेतली. सीमांतपूजन छान दिसतं, मंगलाष्टकं छान दिसतात, आणि शेवटच्या ‘सावधान’नंतर अक्षता उधळल्या की पडद्यावर चौकटीच चौकटी. अंतरपाट बाजूला झाल्यावर नवरा-नवरीचे चेहरे दिसायचे, तर तिथे नुसते ठोकळे हलत असतात. मिनिटभराने सगळं पुन्हा जागेवर. वरातीत लेझीम सुरू झाली की परत तेच.

कॅसेट खराब झाली असेल असं बहुतेकांना वाटतं. तीच कॅसेट व्हीसीआरमध्ये लावून बघा. चित्र थोडं मळकट असेल, रंग फिके असतील, पण चौकटी कुठेच दिसणार नाहीत. व्हीएचएसला चौकटी पडतच नाहीत, तो आजारच डिजिटलचा आहे. म्हणजे मूळ चित्र शाबूत आहे आणि दोष डीव्हीडी बनवताना आलाय. ही चांगली बातमी आहे, कारण डीव्हीडी पुन्हा बनवता येते.

आधी आजार नक्की कुठला ते बघा

डिस्क बर्न करण्याआधी जो व्हिडिओ_टीएस फोल्डर तयार झाला होता, तो हार्ड डिस्कवर असेल तर कॉम्प्युटरवरच चालवा. नसेल तर डिस्कवरून कॉपी करून घ्या. त्याच अक्षतांच्या जागी, अगदी त्याच सेकंदाला चौकटी दिसल्या, तर एन्कोडिंगला, म्हणजे चित्र दाबून डीव्हीडीची फाइल बनवताना, बिट कमी पडले आहेत. हा लेख त्यासाठीच आहे. हार्ड डिस्कवर चित्र स्वच्छ आणि डिस्कवर मात्र अडकतंय, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी किंवा शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, तर डिस्क किंवा बर्निंग वाईट आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो आणि स्वस्त डिस्कची कड सगळ्यात आधी दगा देते. तिथे बिटरेटशी, म्हणजे सेकंदाला किती बिट द्यायचे त्या आकड्याशी, खेळून काही उपयोग नाही. चांगल्या कंपनीची कोरी डिस्क घ्या, बर्निंगचा वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, आणि डिस्क अगदी काठोकाठ भरू नका.

तिसरा प्रकार म्हणजे चौकटी नाहीत, पण हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात किंवा चित्र पुढेमागे थरथरतं. तो फील्डचा गोंधळ, त्याबद्दल खाली लिहिलंय.

अक्षतांनाच का?

एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीवरचं कॉम्प्रेशन, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं आणि काय सरकलं तेवढंच लिहून ठेवतं. भटजी बसलेत, मागे मखमली पडदा आहे, कॅमेरा स्टँडवर आहे, अशा वेळी लिहायला फारसं काही नसतं. अक्षता उडाल्या की शेकडो बारीक पांढरे ठिपके, प्रत्येकाची दिशा निराळी. आधीच्या फ्रेमवरून अंदाज बांधायला काहीच हाती लागत नाही. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश पडतो आणि एका क्षणात अख्ख्या फ्रेमचा उजेड बदलतो. एन्कोडर चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे करून काम करतो. बिट पुरले नाहीत की तो प्रत्येक तुकड्यातला बारकावा टाकून देतो, आणि उरलेला सपाट तुकडा आपल्याला चौकट म्हणून दिसतो.

लग्नाच्या शूटिंगमध्ये अजून दोन गोष्टी भर घालतात. त्या काळातल्या मिक्सिंगचे इफेक्ट, म्हणजे पान उलटणं, बदामाच्या आकारातून चेहरा बाहेर येणं, फ्रेम गरगर फिरणं, हे सगळे एन्कोडरला जड जातात. आणि व्हीएचएसची मुंगी, म्हणजे चित्रभर सतत वळवळणारे बारीक ठिपके. डोळ्याला ती फारशी खटकत नाही, पण एन्कोडरच्या लेखी प्रत्येक फ्रेममध्ये लाखो ठिपके बदललेले असतात आणि त्यांच्यावर तो बिट खर्च करत बसतो.

गणित एका ओळीचं आहे

सॉफ्टवेअरमध्ये ‘हाय क्वालिटी’, ‘मीडियम’ असले पर्याय असतात. ते विसरून जा. डिस्कची जागा ठरलेली आहे, कार्यक्रमाची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे बिटरेटही ठरलेलाच आहे. आपण तो निवडत नाही, काढतो.

साध्या एकपदरी डीव्हीडीत ४७० कोटी बाइट मावतात. पाकिटावर ४.७ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटर मात्र तीच जागा ४.३७ जीबी दाखवतो, कारण त्याचा जीबी १०२४च्या पटीत मोजलेला असतो. ‘साडेचार जीबीची फाइल ४.७च्या डिस्कवर का बसत नाही’ या प्रश्नाचं उत्तर हेच. मेन्यू, फाइलींची बांधणी आणि कडेची थोडी मोकळी जागा वगळली, तर धरून चालायला ४५० कोटी बाइट उरतात. त्यावरून असा हिशेब निघतो: ६,००,००० भागिले मिनिटं. जे उत्तर येईल तो चित्र आणि आवाज मिळून बिटरेट, किलोबिट प्रतिसेकंदात.

दोन तासांना ५,०००. अडीच तासांना ४,०००. तीन तासांच्या पूर्ण कॅसेटला ३,३३३. चार तासांना २,५००. तासाभराच्या कार्यक्रमाला उत्तर १०,००० येतं, पण तिथे डीव्हीडीची स्वतःची मर्यादा आडवी येते. व्हिडिओला कमाल ९,८०० आणि सगळं मिळून १०,०८० पर्यंतच परवानगी आहे. घरी बर्न केलेल्या डिस्कवर तर ८,०००च्या वर जाऊच नये, साधे प्लेअर अडखळतात.

या बेरजेतून आवाज वजा करायचा, आणि पुष्कळ लोकांचे बिट नेमके इथेच गळतात. काही सॉफ्टवेअर आणि रेकॉर्डर आवाज पीसीएममध्ये, म्हणजे अजिबात न दाबता ठेवतात, त्याला लागतात १,५३६ किलोबिट. तीन तासांना त्याचेच २०७ कोटी बाइट होतात. जवळजवळ निम्मी डिस्क आवाजाने खाल्ली, आणि आवाज कसला, तर व्हीएचएसवरची सनई आणि मंडपातला गलबला. आवाज एसी-३ या दाबलेल्या प्रकारात करा आणि १९२ ठेवा. तोच आवाज सुमारे २६ कोटी बाइटमध्ये बसतो आणि टीव्हीच्या स्पीकरवर कानाला फरक कळत नाही. गाण्याची मैफल असेल तर २५६ द्या, तिथे काटकसर करू नका. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्‌झच हवं, ४४.१ ठेवलं तर काही प्लेअर आवाजच काढत नाहीत.

म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला चित्रासाठी ३,१४० च्या आसपास उरतात. आता या ३,१४० मध्ये केवढं चित्र भरायचं, हा खरा प्रश्न.

रिझोल्यूशन: रुंदी अर्धी करा, उंची नाही

आपल्याकडच्या पॅल (भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीला चार मापं चालतात: ७२० बाय ५७६, ७०४ बाय ५७६, ३५२ बाय ५७६ आणि ३५२ बाय २८८. बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता पहिलंच घेतात. मोठं माप म्हणजे चांगलं चित्र, हा समज मनातून काढून टाका. बिट भरपूर असतील तरच ते खरं आहे.

चार तासांच्या डिस्कचं उदाहरण घेऊ. चित्रासाठी २,३०० किलोबिट, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ९२,००० बिट. ७२० बाय ५७६ मध्ये १६ बाय १६चे १,६२० तुकडे असतात, म्हणजे एका तुकड्याच्या वाट्याला सुमारे ५७ बिट. ३५२ बाय ५७६ मध्ये तुकडे ७९२, आणि प्रत्येकाला ११६ बिट. डिस्क तीच, कार्यक्रम तोच, पण प्रत्येक तुकड्याला दुप्पट बिट. अक्षतांच्या वेळी चित्र तगतं ते याच्याच जोरावर.

आणि यात गमावतो काय? व्हीएचएसच्या बाबतीत जवळजवळ काहीच नाही. व्हीएचएसची आडवी स्पष्टता २४० रेषांच्या आसपास असते. जो तपशील कॅसेटवर मुळातच नाही, तो साठवायला ७२० पिक्सेलची रुंदी कशाला? ३५२ पिक्सेलमध्ये तो आरामात बसतो. प्लेअर टीव्हीवर दाखवताना ते चित्र पूर्ण रुंदीला ताणतो, त्यामुळे माणसं बारीक किंवा जाड दिसत नाहीत.

उंची मात्र ५७६च ठेवा. पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. म्हणजे हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली असते. २८८ केलंत की एक फील्ड गेलं आणि हालचाल निम्म्यावर आली. लेझीम खेळणारे हात झटक्याझटक्याने हलतात, कॅमेरा फिरला की मंडप उड्या मारतो. एकदा ते गेलं की परत आणता येत नाही. ३५२ बाय २८८ लग्नासाठी मी कधीच वापरत नाही, मग डिस्क कितीही वाढोत.

माझा ठोकताळा असा. कॅसेट व्हीएचएस असेल आणि चित्राला ४,००० किंवा जास्त मिळत असतील, तर पूर्ण माप ठेवा. ३,००० ते ४,००० मध्ये कॅसेट कशी आहे ते बघा: पहिली कॉपी, स्वच्छ, स्टँडवरून केलेलं शूटिंग असेल तर पूर्ण माप चालून जातं, कॉपीची कॉपी असेल, हातातला कॅमेरा असेल तर ३५२ बाय ५७६. ३,०००च्या खाली विचारच करू नका, अर्धी रुंदी. आणि १,५००च्या खाली उत्तर आलं तर रिझोल्यूशनशी झगडणं सोडा, दुसरी डिस्क घ्या.

कॅप्चर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणं, ७२० रुंदीने केलं असेल तर सरळ ३५२ वर दाबू नका. दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल कापून आधी ७०४ करा आणि मग अर्धं करा. नाहीतर चेहरे किंचित बारीक होतात.

हे सगळं व्हीएचएसपुरतं. २००० नंतरचं मिनी-डीव्हीवरचं लग्न असेल तर त्याची स्पष्टता खूपच जास्त असते आणि अर्ध्या रुंदीत साडीचे काठ पुसट झालेले स्पष्ट कळतात. रुंद, १६:९ पडद्याचं शूटिंग असेल तर अर्ध्या रुंदीला डीव्हीडीच्या नियमात जागाच नाही, ती मापं फक्त ४:३ साठी. अशा वेळी दोन डिस्क.

इंटरलेस्ड

बिटरेट बरोबर काढला, रिझोल्यूशन बरोबर घेतलं, तरी चौकटी पडतात, असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: एन्कोडरमध्ये इंटरलेस्ड निवडलंय की प्रोग्रेसिव्ह? व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे वर सांगितलं तसं दोन फील्डचं असतं. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकसंध फ्रेम, निवडलं तर दोन फील्ड एकमेकांत विणलेले, कडांना दात आलेले, असं चित्र एन्कोडरपुढे जातं आणि प्रत्येक दात त्याला नवा बारकावा वाटतो. निम्मे बिट त्या दातांतच संपतात. डीव्हीडीसाठी डीइंटरलेस करायची गरज नाही, तो उद्योग टीव्ही करतो. इंटरलेस्ड ठेवा आणि फील्डचा क्रम बरोबर द्या.

क्रमाची अडचण अशी की तो कॅप्चरच्या साधनावर ठरतो. डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायरने आलेलं चित्र खालचं फील्ड आधी असलेलं असतं. यूएसबी कॅप्चरमध्ये कधी वरचं, कधी खालचं. उलटा क्रम पडला की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते, स्थिर गोष्ट मात्र ठीक दिसते. कॉम्प्युटरवर हे पटकन कळत नाही, कारण तिथला प्लेअर ते झाकतो. पुसून परत लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू घ्या, वरातीचा छोटा तुकडा दोन्ही क्रमांनी लिहा आणि टीव्हीवर बघा. एकदा कळलं की त्या साधनासाठी कायमचं कळलं.

कॅप्चर करतानाच पॅल, २५ फ्रेम निवडलंय हेही बघून घ्या. काही यूएसबी साधनांच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची पद्धत, निवडलेलं असतं आणि मग चित्र काळं-पांढरं तरी येतं नाहीतर उड्या तरी मारतं.

बिट वाटायचे कसे

हिशेबाने आलेला ३,१४० हा आकडा सरासरीचा. तो अख्ख्या तीन तासांवर सारखा पसरलात, तर जेवणाच्या पंगतीला लागतात त्यापेक्षा जास्त मिळतात आणि अक्षतांना कमी. म्हणून व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा बिटरेट, निवडा आणि तोही दोन पासचा. पहिल्या फेरीत एन्कोडर कार्यक्रम नुसता पाहून घेतो, कुठे किती लागतील ते टिपतो. दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटतो. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्या. सरासरी हिशेबातली, कमाल ८,०००, किमान ५०० ते १,०००. कमाल आकडा सरासरीच्या अगदी जवळ ठेवला तर दोन पास करूनही फायदा नाही, कारण अक्षतांना वर उचलायला जागाच राहत नाही.

पूर्ण डिस्क एन्कोड करण्याआधी तपासायचा एक सोपा मार्ग आहे. अंतरपाट निघाल्यापासूनची दोन मिनिटं आणि लेझीमची दोन मिनिटं वेगळी काढा आणि फक्त तीच, सरासरी बिटरेटने एन्कोड करा. इथे ती पूर्ण डिस्कमधल्यापेक्षा वाईट दिसणार, कारण उसने बिट घ्यायला शांत प्रसंग शेजारी नाहीत. तरीही चित्र सुसह्य असेल तर निर्धास्त पुढे जा. फारच फुटत असेल तर रुंदी अर्धी करून तेच तुकडे पुन्हा बघा.

एन्कोडिंगच्या आधी थोडी सफाई केली तर तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र बरंच उजळतं. मुंगी कमी करणारा हलका डीनॉइज लावा. हलका म्हणजे खरोखर हलका: आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या की समजायचं जास्त झालं. व्हीएचएसच्या चित्रात अगदी खाली एक फाटलेली, वळवळणारी पट्टी असते. ती व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड बदलण्याच्या जागेची खूण. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड लपायची, एलसीडीवर काही वेळा दिसते, आणि दिसो न दिसो, बिट खातेच. खालच्या १६ ओळी काळ्या करून टाका. १६च, म्हणजे तुकड्यांची एक पूर्ण रांग काळी होते आणि तिला बिट लागतच नाहीत.

एक की दोन डिस्क?

लोकांचा हट्ट असतो की सगळं एकाच डिस्कमध्ये हवं. मी शक्य तिथे दोनचा आग्रह धरतो. तीन तासांच्या दोन दीड-दीड तासांच्या डिस्क केल्या तर प्रत्येकीला ६,६०० च्या वर बिटरेट मिळतो आणि वरची निम्मी कसरत लागतच नाही. तोडायची जागा मात्र विचारपूर्वक निवडा. हळद, घाणा भरणं, सीमांतपूजन एका डिस्कवर आणि लग्नघटिकेपासून पुढे दुसऱ्या. मंगलाष्टकांच्या मध्ये तोडलेली डिस्क कुणालाच आवडत नाही. नाटकाचं रेकॉर्डिंग असेल तर मध्यंतर आहेच.

दुपदरी डिस्कमध्ये ८५० कोटी बाइट मावतात, तिथे ६ लाखांऐवजी साधारण १० लाख ८० हजारांना भागायचं, म्हणजे तीन तासांना ६,०००. कागदावर उत्तम. पण ती डिस्क महाग, मिळायला अवघड, आणि गावाकडचे जुने प्लेअर पदर बदलताना अडकतात. ज्यांच्यासाठी डीव्हीडी करतो, ती बहुतेक वयस्कर माणसं. त्यांच्या प्लेअरवर चालली नाही तर ती डिस्क कपाटातच राहणार.

डीव्हीडी रेकॉर्डर वापरत असाल तर

व्हीसीआरची वायर थेट डीव्हीडी रेकॉर्डरला जोडून घेणारेही आहेत. तिथे बिटरेट दिसत नाही, मोड दिसतात: एक्सपी एक तास, एसपी दोन, एलपी चार, ईपी सहा. दोन तास चाळीस मिनिटांची कॅसेट एसपीत मावत नाही म्हणून लोक एलपी दाबतात. मग डिस्कचा तिसरा हिस्सा कोरा राहतो आणि चित्र उगाच चार तासांच्या मापाने पिळलं जातं. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये लांबी सांगून नेमकी डिस्क भरायची सोय असते, फ्लेक्सिबल रेकॉर्डिंग किंवा अशाच नावाने. ती शोधा, कॅसेटच्या लांबीत पाच मिनिटं मिळवून आकडा द्या. सहा तासांच्या मोडच्या वाटेला जाऊ नका, बहुतेक यंत्रं तिथे उंची २८८ वर आणतात. आणि शेवटी डिस्क फायनलाइज करा, नाहीतर ती त्याच यंत्रावर चालेल, दुसऱ्या घरी नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी प्रत काढायची असेल तर पॅल डिस्क तिथल्या पुष्कळ प्लेअरवर चालत नाही. त्यांना ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेमची वेगळी प्रत लागते; अर्धी रुंदी हवी असेल तर ३५२ बाय ४८०. बिटरेटचा हिशेब मात्र तोच, कारण डिस्क तेवढीच आहे. ते कॉम्प्युटरवरच बघणार असतील तर एमपी४ फाइल पाठवणं सोपं.

डीव्हीडी झाली म्हणून कॅप्चर केलेली मूळ फाइल पुसू नका. डीव्हीमध्ये घेतली असेल तर तासाला १३ जीबी, तीन तासांना ४० जीबीच्या आत. आजच्या कुठल्याही बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये ती सहज मावते. त्या हार्ड डिस्कचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल ती घेणार नाही, आधी एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. कोकणातल्या दमट हवेत कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी धरते, आणि तशी कॅसेट साफ न करता व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. पुढच्या वर्षी ती कॅसेट चालेल याची खात्री नसते, पण ही फाइल असली तर हव्या त्या मापाची नवी डिस्क कधीही काढता येते.